मराठी नावं आणि रोजचे शब्द जपानीत नेमके कसे लिहायचे?

रेघांकित

जपानीच्या हिरागाना (देशी शब्दांसाठी) आणि काताकाना (परक्या शब्दांसाठी) या लिप्या वाचता येतात, हळूहळू लिहिताही येतात. अडतं ते स्पेलिंगपाशी. मराठी नाव काताकानात लिहायचं तर तीन ठिकाणी तीन रूपं दिसतात. रोहित कुठे ‘रोहितो’, कुठे ‘रोऽहितो’, तर कुठे मध्ये लहान त्सु घातलेलं. यातलं बरोबर कुठलं?

नेमके प्रश्न असे:

१. र्‍हस्व-दीर्घ कुठे दाखवायचं आणि कुठे सोडायचं?
२. व, ळ, ज्ञ, आणि जाधवमधला ‘ज’ यांचं काय करायचं?
३. ‘तोऽक्योऽ’ आणि ‘ओऽसाका’ या दोन्हींत लांब ओ ऐकू येतो, पण हिरागानात एकीकडे उ आणि दुसरीकडे ओ का लिहितात?
४. जपानमधल्या कागदपत्रांवर कुठलं रूप चालतं?

उत्तरं देवनागरीतच द्यावीत ही विनंती, म्हणजे नुकती सुरुवात केलेल्यांनाही वाचता येतील.

स्वरभेद

आधी खुणा ठरवून घेऊ. काताकानातल्या लांब रेघेसाठी ऽ लिहितो. कंसातलं अक्षर लहान आकारात काढायचं. न् म्हणजे सुटा अनुनासिक. म्हणजे ते(इ) हे जपानीत दोन अक्षरांनी लिहिलेलं, पण एकाच ठोक्यात म्हटलेलं ‘ति’.

बहुतेक चुका एकाच सवयीतून होतात: मराठी नाव आधी रोमन लिपीत लिहायचं आणि मग रोमनवरून काताकाना करायचा. रोमनमध्ये अ आणि आ एकच, ट आणि त एकच, त्यामुळे माहिती पहिल्याच टप्प्यात गळते. देवनागरीवरून थेट काताकानात या, कारण जपानीत र्‍हस्व-दीर्घाला खरी किंमत आहे. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बिऽरु’ म्हणजे बीअर. ‘ओबासान्’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाऽसान्’ म्हणजे आजी. राम लिहायचा तर रा-ऽ-मु. रेघ सोडली की तो ‘रम’ होतो.

मराठीतले ए आणि ओ उच्चारात बहुधा लांब असतात, म्हणून काटेकोर पद्धतीत त्यांनाही रेघ मिळते: रोहित म्हणजे रो-ऽ-हि-तो, देशपांडे म्हणजे दे-ऽ-शि(यु)-पा-ऽ-न्-दे-ऽ. भारतीय भाषांचे जपानी अभ्यासक साधारण असंच लिहितात. वर्तमानपत्री पद्धतीत बर्‍याच रेघा गळतात आणि दे-शि(यु)-पा-न्-दे उरतं. दोन्ही चालतात. माझं मत विचाराल तर पहिल्या नावात रेघा पूर्ण ठेवाव्यात, कारण हाक त्याच नावाने मारली जाते. आडनाव फार लांबत असेल तर शेवटची रेघ सोडली तरी ओळख बिघडत नाही.

शेवटच्या आ-काराची रेघ मात्र आळसाने सोडू नका. उमा हे नाव रेघेशिवाय लिहिलं की ‘उमा’ हा जपानी शब्द होतो, अर्थ घोडा. प्राण्यांची नावं जपानीत बरेचदा काताकानातच लिहितात, त्यामुळे गैरसमजाला आणखी जागा. उ-मा-ऽ लिहा. सईचंही तसंच, सा-इ म्हणजे गेंडा. सा-इ-ऽ लिहिलं की मराठी उच्चारही नीट येतो.

आता शेवटचं व्यंजन. जपानीत न् सोडून शब्द व्यंजनावर संपत नाही, म्हणून स्वर जोडावा लागतो, आणि तो कुठला हे ठरलेलं आहे. क, प, म, स, र, ल यांना उ: विक्रमचा शेवट ‘मु’, कमलचा ‘रु’. त, ट, द, ड यांना ओ, कारण त्या रांगेतला (म्हणजे त्या व्यंजनाच्या अक्षरांच्या गटातला) उ-कार ‘त्सु’ होऊन बसतो. म्हणून अमितच्या शेवटी ‘तो’. च आणि ज यांना इ: पंकज म्हणजे पा-न्-का-जि. श ला लहान यु: महेश म्हणजे मा-हे-ऽ-शि(यु). गणेश हे माणसाचं नाव असेल तर गा-ने-ऽ-शि(यु). जपानी पुस्तकांत दिसणारं गा-ने-ऽ-शि(या) हे संस्कृतवरून घेतलेलं देवाचं नाव आहे, ते उचलू नका.

लहान (त्सु) खरं द्वित्त असेल तिथेच. दत्ता म्हणजे दा-(त्सु)-ता-ऽ, अनिरुद्ध म्हणजे आ-नि-रु-(त्सु)-दो. अमितमध्ये द्वित्त नाही. तिथे दिसणारा (त्सु) इंग्रजी शब्दांच्या सवयीने येतो. न आणि म यांच्या द्वित्ताला (त्सु) कधीच लागत नाही, तिथे न् येतो: अण्णा म्हणजे आ-न्-ना-ऽ.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ळ, ल, र तिन्ही एकाच रांगेत जातात, त्याला इलाज नाही. ख, घ, ध, भ यांतला हकारही जातो. ‘हु’ म्हणून जे अक्षर आहे त्याचा उच्चार ‘फु’कडे झुकतो, म्हणून राहुलचा रा-ऽ-फु-रु होतो, आणि तेच रूढ रूप आहे. ज्ञ मराठी उच्चाराप्रमाणे ‘द्न्य’ धरा: ज्ञानेश म्हणजे दो-नि(या)-ऽ-ने-ऽ-शि(यु). हिंदी उच्चारावरून केलेलं रूप ‘ग्या’ने सुरू होतं, ते आपलं नाही. ऋ साठी रु: ऋतुजा म्हणजे रु-तो(उ)-जि(या)-ऽ.

जाधवमधल्या ‘ज’चा प्रश्न छान आहे, कारण इथे जपानी आपल्याला साथ देते. सुझुकीतल्या झु च्या रांगेत जे ‘झा’ आहे, ते शब्दाच्या सुरुवातीला आलं की जीभ दातांमागे टेकवून, जवळजवळ आपल्या दंत्य ज सारखंच म्हटलं जातं. म्हणून झा-ऽ-दा-वु हे जि(या)-ऽ-दा-वु पेक्षा मराठी कानाला कितीतरी जवळचं. दंत्य च लाही जागा आहे: चाफेकर म्हणजे त्सु(आ)-ऽ-फु(ए)-ऽ-का-रु. जोशीतला ज तालव्य, तिथे मात्र जि(यो)-ऽ-शि-ऽ.

व बद्दल थोडं थांबून बोलायला हवं. उ या अक्षराला दाकुतेन, म्हणजे वरच्या उजव्या कोपर्‍यातल्या दोन बारीक रेघा, दिल्या की ‘वु’ होतो आणि त्याला लहान स्वर जोडून वु(आ), वु(इ) वगैरे तयार होतात. कागदावर ते नीट दिसतं, पण सर्वसाधारण जपानी माणूस ते ‘बा’, ‘बि’ असंच म्हणतो. वैशालीला ‘बाइशारी’ अशी हाक येते. वा-इ-शि(या)-ऽ-रि-ऽ लिहिलं तर ओठांचा व टिकतो. इ आणि ए च्या आधी उ(इ), उ(ए) असाही पर्याय आहे. विजय, विक्रम यांत वु(इ) इतकं रूढ आहे की तेच ठेवावं. ‘वा’ने सुरू होणार्‍या नावांना मी साधा वा सुचवेन.

टाकबोरू

वरच्या उत्तराला नियमांचा आधार जोडतो. बाहेरून आलेल्या शब्दांच्या लेखनासाठी जपानी मंत्रिमंडळाची अधिसूचना आहे, ‘गाइराइगो नो ह्योऽकि’, २८ जून १९९१ ची. तिच्यात दोन तक्ते आहेत. पहिल्यात शि(ए), चि(ए), त्सु(आ), ते(इ), दे(इ), फु(आ) अशी सर्रास वापरायची अक्षरं. दुसर्‍यात मूळ उच्चाराच्या जवळ जायचं असेल तर वापरायची: उ(इ), उ(ए), तो(उ), दो(उ), आणि वु ची सगळी रांग. म्हणजे पाटीलचा ते(इ) पहिल्या तक्त्यातला, ऋतुजाचा तो(उ) दुसर्‍यातला. दोन्ही अधिकृत आहेत, पण दुसर्‍या तक्त्यातली अक्षरं समोरचा माणूस सोपी करून लिहील ही शक्यता धरून चाला. सरकारी वापरातल्या देशांच्या नावांतूनच एप्रिल २०१९ पासून वु काढून टाकला आणि तिथे ब-रांग आली. व बद्दलचा वरचा सल्ला म्हणूनच योग्य वाटतो.

सि हा उच्चार मात्र दोन्ही तक्त्यांत नाही. सीमा लिहिताना शि-ऽ-मा-ऽ होतं आणि हाक ‘शीमा’ अशी येते. सु(इ)-ऽ-मा-ऽ असं लिहिता येतं, वाचणार्‍याला कळतंही, पण बोलताना बहुतेक जण शी वरच येतात.

रूढ झालेले शब्द या नियमांनी पुन्हा घडवायचे नाहीत, हेही त्याच अधिसूचनेत आहे. इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या ‘अर’ला रेघ द्यायची हा सर्वसाधारण नियम, तरी संगणक को-न्-पि(यु)-ऽ-ता असा रेघेशिवायही दिसतो, कारण तांत्रिक लेखनात लांब शब्दांची शेवटची रेघ सोडायची पद्धत बरीच वर्षं होती. आज रेघेसह लिहिणं जास्त चालतं.

आता हाताने लिहिण्याबद्दल, कारण नाव बरोबर ठरवूनही कागदावर चुकतं. चार अक्षरं सगळ्यात जास्त फसवतात: शि आणि त्सु, न् आणि सो. चारही म्हणजे एक-दोन छोटे फटकारे आणि एक लांब फटकारा. फरक कलाचा आणि दिशेचा.

शि: दोन छोटे फटकारे डाव्या कडेला एकाखाली एक, जवळजवळ आडवे. मग लांब फटकारा खालून डावीकडून सुरू करून उजवीकडे वर उचलायचा.
त्सु: दोन छोटे फटकारे वरच्या कडेला शेजारी-शेजारी, जवळजवळ उभे. लांब फटकारा वर उजवीकडून सुरू करून डावीकडे खाली सोडायचा.

न् म्हणजे एक छोटा फटकारा कमी असलेला शि, आणि सो म्हणजे एक कमी असलेला त्सु. डोळ्यांनी तपासायचं तर शि आणि न् यांचे सगळे फटकारे डाव्या कडेला एका उभ्या ओळीत सुरू होतात. त्सु आणि सो यांचे वरच्या कडेला एका आडव्या ओळीत. दिशा विसरली तर हिरागाना आठवा: हिरागानातला शि खाली जाऊन वर वळतो, त्सु उजवीकडे जाऊन खाली वळतो. काताकानाचा लांब फटकाराही तसाच शेवट करतो. हे चुकलं की सचिनचा ‘साचिसो’ होतो आणि शिल्पाची ‘त्सुरुपा’.

लांब रेघ आडव्या लेखनात आडवी असते, उभ्या लेखनात उभी. उभ्या ओळीत आडवी रेघ काढली तर ती ‘एक’ या अर्थाची कांजी, म्हणजे चिनी मुळाचं शब्दाक्षर, वाटते.

रेघांकित

फार उपयोगी. जोडून एक प्रश्न: संगणकावर अनन्या टाइप केलं की ‘आनानिया’सारखं काहीतरी उमटतं, पाटीलचा ‘ते(इ)’ही जमत नाही. आणि हिरागानाचं राहिलंच.

टाकबोरू

तुमचा न कळफलकाने पुढच्या य ला जोडला, म्हणून नि(या) झालं. सुटा न् हवा असेल तर एन कळ दोनदा दाबायची. अनन्यासाठी क्रम असा: ए, एन-ए, एन-एन, वाय-ए, आणि शेवटी रेघेसाठी वजाबाकीची कळ. उमटेल आ-ना-न्-या-ऽ. द्वित्तासारखं आ-ना-न्-नि(या)-ऽ हवं असेल तर मधे एन तीनदा. ‘कोन्निचिवा’ (दिवसाचा नमस्कार) यालाही एन तीनदाच लागतो. दोनदा दाबला तर ‘कोन्-इचिवा’ उमटतं, आणि ही चूक जालावर पदोपदी दिसते.

बाकीच्या कळा: ते(इ) साठी टी-एच-आय, दे(इ) साठी डी-एच-आय, तो(उ) साठी टी-डब्ल्यू-यू, दो(उ) साठी डी-डब्ल्यू-यू, त्सु(आ) साठी टी-एस-ए. कुठलंही अक्षर लहान करायचं तर त्याआधी एक्स: एक्स-आय दिलं की लहान इ. हा एकच नियम लक्षात ठेवला तरी सु(इ) पासून सगळं जमतं. हिरागानात टाइप करून एफ ७ दाबलं की पूर्ण रुंदीचा काताकाना होतो. एफ ८ ने अर्ध्या रुंदीचा होतो, तो नको असेल तर हात सांभाळा.

दिसायला सारखी पण वेगळी अक्षरं हीसुद्धा अर्ज नाकारला जाण्याची मोठी वाट आहे. लांब रेघ, वजाबाकीचं चिन्ह आणि ‘एक’ची कांजी पडद्यावर सारखीच दिसतात. काताकानातला का आणि ‘शक्ती’ची कांजी, रो आणि ‘तोंड’, नि आणि ‘दोन’, ए आणि ‘काम’ याही अशाच जोड्या. डोळ्यांना नाव बरोबर दिसतं, शोध घेतला की सापडत नाही. म्हणून नाव तुकड्या-तुकड्याने चिकटवू नका, एका दमात टाइप करून एफ ७ दाबा.

कांजीकट्टा

हिरागानाचं मी घेतो. लांब ओ बहुतेक शब्दांत उ ने लिहितात: तो-उ-कि(यो)-उ, आ-रि-गा-तो-उ, ओ-हा-यो-उ. थोड्या शब्दांत ओ ने: ओ-ओ-सा-का, ओ-ओ-कि-इ (मोठा), को-ओ-रि (बर्फ). याला कारण आहे. या दुसर्‍या गटातल्या शब्दांत जुन्या लेखनात त्या जागी ‘हो’ किंवा ‘वो’ हे अक्षर होतं. उच्चार पुसट होत ओ उरला आणि १९४६ च्या लेखनसुधारणेनंतरही तो ओ म्हणूनच लिहायचा ठरलं. १ जुलै १९८६ च्या ‘गेन्दाइ कानाझुकाइ’ या सध्याच्या नियमातही तेच आहे.

उच्चारावरून हे ओळखता येत नाही, पण शब्द थोडेच आहेत आणि ते एका वाक्यात ओवलेले आहेत, जपानी मुलंही असंच पाठ करतात: ‘तोओकु नो ओओकिना कोओरि नो उए ओ ओओकु नो ओओकामि तोओझुत्सु तोओत्ता’. दूरच्या मोठ्या बर्फावरून पुष्कळ लांडगे दहा-दहाने गेले. दूर, मोठा, बर्फ, पुष्कळ, लांडगा, दहा, जाणे हे सातही शब्द ओ वाले. हे पाठ असलं की बाकीच्या बहुतेक शब्दांत निर्धास्तपणे उ लिहा.

लांब ए चंही तसंच: से-न्-से-इ, इ ने. ‘ओनेऽसान्’, म्हणजे ताई, हा ठळक अपवाद, तो ओ-ने-ए-सा-न्. लांब रेघ मात्र हिरागानात साधारणपणे वापरत नाहीत, ती काताकानाची.

कोन्निचिवाच्या शेवटी ‘हा’ हे अक्षर येतं, ‘वा’ नाही. कारण तो मुळात ‘आजचा दिवस तर…’ अशा वाक्याचा तुकडा आहे आणि शेवटचं अक्षर विषय दाखवणारा प्रत्यय. प्रत्यय म्हणून आलेला ‘हा’ ‘वा’ वाचतात, ‘हे’ ‘ए’ वाचतात, आणि कर्माचा ‘वो’ ‘ओ’. कोन्बान्वा (संध्याकाळचा नमस्कार) यालाही हेच लागू.

झु आणि जि दोन-दोन अक्षरांनी लिहिता येतात. नेहमीचं स-रांगेतलं. त-रांगेतलं दोनच वेळा: तेच अक्षर लागोपाठ आलं तर, जसं त्सु-झु-कु (चालू राहणे), किंवा दोन शब्द जुळून आले तर, जसं हा-ना-जि (नाकातून रक्त), ज्यात दुसरा शब्द ‘चि’, म्हणजे रक्त, असा आहे. मूळ शब्द सुटा करून पाहिला की अक्षर आपोआप ठरतं.

आणि लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष ठेवा. बि(यो)-उ-इ-न् म्हणजे रुग्णालय. यो मोठा काढला तर बि-यो-उ-इ-न्, म्हणजे केशभूषेचं दुकान. कि-(त्सु)-ते म्हणजे टपालाचं तिकीट, (त्सु) गेला की कि-ते, म्हणजे ‘ये’. हाताने लिहिताना लहान अक्षर आडव्या ओळीत चौकटीच्या खालच्या डाव्या कोपर्‍यात, उभ्या ओळीत वरच्या उजव्या कोपर्‍यात बसवतात.

जपानी माणसाचं नाव लिहायचं असेल तर आवाजावरून कांजी ओळखायला जाऊ नका. इतोऽ हे आडनाव किमान दोन प्रकारे लिहितात, वातानाबेतल्या ‘बे’ला आणि साइतोऽतल्या ‘साइ’ला कितीतरी रूपं आहेत. भेटपत्रावरून अक्षर-अक्षर उतरवून घ्या. मिळालं नाही तर काताकानात लिहा. चुकीच्या कांजीपेक्षा ते केव्हाही बरं.

स्वरभेद

कागदपत्रांचा प्रश्न राहिला. निवासकार्डावर नाव पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत असतं, काताकाना नसतो. म्हणजे तुमचं काताकाना रूप ठरवून देणारा एकच कागद नाही. बँक, फोन, विमा, जिथे-तिथे अर्जातल्या नावाचा उच्चार लिहायच्या रकान्यात तुम्ही जे लिहाल ते नोंदलं जातं. एकीकडे पा-ऽ-ते(इ)-ऽ-रु आणि दुसरीकडे पा-ते(इ)-रु झालं की यंत्राला ती दोन माणसं वाटतात. म्हणून पहिला अर्ज भरायच्या आधी रूप पक्कं करा आणि वहीत लिहून ठेवा. पासपोर्टमध्ये वडिलांचं किंवा नवर्‍याचं नाव मधे असेल तर त्याचंही काताकाना तेव्हाच ठरवा, कारण बर्‍याच ठिकाणी पूर्ण नाव मागतात. क्रम आडनाव आधी. एरवीच्या लेखनात नाव-आडनावाच्या मधे मध्यबिंदू देतात, पण ऑनलाइन अर्जात तो चालेलच असं नाही.

बँकांमधल्या हस्तांतरणात खातेदाराचं नाव अर्ध्या रुंदीच्या काताकानात जातं आणि तिथे लहान अक्षरं मोठी होतात. जोशीचा जि(यो)-ऽ-शि-ऽ तिथे जि-यो-ऽ-शि-ऽ दिसेल. ती चूक नाही, बदलून घ्यायला जाऊ नका. दाकुतेनही तिथे वेगळी जागा घेतो, त्यामुळे ग, द, ब असलेली नावं अपेक्षेपेक्षा लांब भरतात. पैसे पाठवणार्‍याला पासबुकावर छापलंय तेच रूप द्या.

सहीऐवजी वापरायचा शिक्का नोंदवायचा असेल तर काताकानातला चालतो, पण ते काताकाना रूप आधी पालिकेच्या निवासी नोंदीत टिपलेलं असावं लागतं. शिक्क्याचा ठसा ८ मिलिमीटरच्या चौकोनापेक्षा मोठा आणि २५ मिलिमीटरच्या चौकोनात मावणारा हवा. चार-पाच अक्षरांचं आडनाव एकटं कोरलं तर ते नीट वाचता येतं.

रेघांकित

धन्यवाद. आदित्य कुलकर्णी असं तयार केलं आहे, तपासाल का? कु-रु-का-रु-नि-ऽ आ-ऽ-दे(इ)-त्सु-या.

स्वरभेद

आडनाव बरोबर. नावात शेवटून दुसरं अक्षर बदला. ‘त्य’मधला त पुढच्या य ला जोडलेला आहे, तिथे ते(इ)-या येईल: आ-ऽ-दे(इ)-ते(इ)-या. कळा: ए, वजाबाकी, डी-एच-आय, टी-एच-आय, वाय-ए, मग एफ ७. पडद्यावर सात अक्षरचिन्हं दिसली पाहिजेत, त्यातले दोन इ लहान.

कांजीकट्टा

आणि हाताने लिहिताना ते(इ) मधला इ ‘ते’च्या साधारण निम्म्या उंचीचा ठेवा. तो मोठा झाला तर ‘आदेइतेइया’ असं वाचलं जाईल.